गोमेकॉची (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाची) जागा आपल्या आवाक्यात आहे का? पालक आणि विद्यार्थ्यांसाठी माहितीपत्रक

नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की आमच्या फोंड्याच्या कार्यालयात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो. "बायला पाचशे तीस पडले. एमबीबीएस मिळेल ना?" विचारणाऱ्या आईबापाचा चेहरा पाहिला की पटकन "मिळेल हो" म्हणावंसं वाटतं. आम्ही तसं म्हणत नाही. आधी एक कागद पुढे ओढतो आणि मुलीचा रँक (देशात ती कितवी), तिचा प्रवर्ग आणि ती गोव्याची रहिवासी ठरते का, या तीन गोष्टी लिहून घेतो. नुसत्या मार्कांवरून जागेचा अंदाज बांधता येत नाही. तो कसा बांधायचा, हे घरच्या घरी समजावं म्हणून हे पत्रक काढलं आहे. ते वाचून आमच्याकडे यायची गरज उरली नाही, तरी आम्हाला आनंदच आहे.

मार्क नव्हे, रँक

नीट 720 मार्कांची. 180 प्रश्न, बरोबर उत्तराला 4, चुकलं तर 1 वजा. त्यातले 90 प्रश्न जीवशास्त्राचे, म्हणजे निम्मा पेपर. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण पेपर दरवर्षी सारखाच कठीण नसतो, हे निकालाच्या गडबडीत विसरायला होतं. 2024 मध्ये 600 मार्क मिळालेल्या मुलाचा रँक साधारण ऐंशी हजारांच्या घरात गेला. 2025 चा पेपर, विशेषतः भौतिकशास्त्र, इतका कठीण होता की देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यालाच 686 मिळाले आणि 600 च्या वर असलेली मुलं सगळी मिळून दीड हजारसुद्धा नव्हती. मार्क तेच, पण एका वर्षी ते काळजीचे आणि दुसऱ्या वर्षी देशातलं कुठलंही कॉलेज जवळपास हाताशी आणणारे. म्हणून शेजारच्या मुलाला गेल्या वर्षी किती मार्कांवर जागा मिळाली, हे ऐकून आपल्या मुलाचा हिशेब मांडू नका. त्याचा रँक किती होता ते विचारा.

दुसरा गोंधळ 'पात्र' या शब्दाचा. निकालपत्रावर पात्र असं दिसलं की घरात पेढे येतात. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा 50 पर्सेंटाइलची असते, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या वर असावं लागतं. 2024 मध्ये ती 162 मार्कांवर होती, 2025 मध्ये 144 वर. 2025 मध्ये बावीस लाखांवर मुलांनी परीक्षा दिली आणि त्यातली बारा लाखांहून जास्त पात्र ठरली. एमबीबीएसच्या देशभरातल्या जागा, सरकारी आणि खासगी धरून, सव्वा लाखाच्या आसपास. पात्र असणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. (आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा परदेशी शिक्षण यांसाठी मात्र हीच पात्रता कामी येते, म्हणून ती अगदीच टाकाऊ नाही.)

आपली रांग कोणती

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला इथे सगळे गोमेकॉ म्हणतात. 1842 मध्ये पणजीत सुरू झालेल्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेचं हे आजचं रूप. गोव्यात एमबीबीएस शिकवणारं हे एकच महाविद्यालय. त्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंत डॉक्टर व्हायला निघालेल्या प्रत्येक मुलाची पहिली नजर तिथेच जाते.

त्या जागांसाठी दोन वेगवेगळ्या रांगा लागतात. 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात, त्यांची प्रवेशफेरी दिल्लीहून एमसीसी (केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती) चालवते आणि देशातला कुणीही तिथे अर्ज करू शकतो. बाकी 85 टक्के गोव्याच्या. त्यांचं काम पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय पाहतं. पहिल्या रांगेत देशभरातली मुलं असतात, त्यामुळे तिथला शेवटचा रँक फार वर जातो. गोव्याच्या रांगेत फक्त गोव्याची मुलं, म्हणून जागा त्या मानाने बऱ्याच खालच्या रँकपर्यंत पोचते. हा फरक मोठा असतो. मोबाइलवरच्या अंदाज सांगणाऱ्या ॲपमध्ये अनेकदा पहिल्या रांगेचे आकडे दिसतात आणि मूल विनाकारण खचतं.

आता हिशेब. सोपा जावा म्हणून समजा, महाविद्यालयात 100 जागा आहेत. 15 देशाच्या कोट्यात गेल्या, राहिल्या 85. गोव्यात ओबीसींना 27 टक्के, एसटींना 12, एससींना 2 आणि ईडब्ल्यूएसना (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना) 10 टक्के धरलं तर या 85 मधल्या साधारण 23, 10, 2 आणि 8 जागा त्यांच्याकडे जातात. खुल्या राहतात 42 च्या आसपास. म्हणजे खुल्या प्रवर्गातल्या मुलीने विचारायचा प्रश्न "माझा देशात रँक किती" एवढाच नाही, तर "गोव्याच्या गुणवत्ता यादीत मी कितवी" हा आहे. संचालनालय ही यादी जाहीर करतं. ती उतरवून घ्या, आपलं नाव शोधा आणि पेन्सिलीने वरची नावं मोजा. खऱ्या जागांचा तक्ता त्या वर्षीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये (प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत) असतो, 100 च्या ठिकाणी त्यातला आकडा घाला.

मोजताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. राखीव प्रवर्गातला मुलगा गुणवत्तेवर वर असेल तर तो खुल्या जागेवर बसतो आणि त्याच्या प्रवर्गातली जागा पुढच्यासाठी मोकळी राहते. शिवाय यादीत सगळ्यात वर असलेली काही मुलं एम्स किंवा जिपमर या केंद्राच्या संस्थांत, नाहीतर देशाच्या कोट्यातून बाहेर जातात. म्हणून पहिल्या फेरीतली शेवटची जागा आणि शेवटच्या फेरीतली शेवटची जागा यांत अंतर पडतं. किती पडेल ते गेल्या दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं. एका वर्षाच्या यादीवर भिस्त ठेवू नका.

आम्ही टक्केवारीत शक्यता सांगत नाही. "तुमचे चान्सेस 73 टक्के" असं सांगणाऱ्याकडे तो आकडा कुठून आला हे विचारा. आमच्या कागदावर तीनच शेरे असतात: बहुधा मिळेल, काठावर, या रँकवर नाही. काठावर असलेल्यांना सगळ्यात जास्त वेळ द्यावा लागतो आणि आम्ही तो देतो.

दाखले: इथे जागा हातची जाते

या कामात आम्ही पडलो ते घरातल्या एका गोष्टीमुळे. 2022 साली आमच्यापैकी एकाची मुलगी नीटला बसली होती. ओबीसीचा दाखला घरात होता, कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेला. एमसीसीच्या नोंदणीची शेवटची संध्याकाळ, बाहेर पावसाने लाइट ये-जा करत होती आणि अपलोड करताना लक्षात आलं की हा दाखला राज्याच्या नमुन्यातला आहे. अखिल भारतीय कोट्यात ओबीसी म्हणून अर्ज करायचा तर जात केंद्राच्या यादीत हवी आणि नॉन-क्रीमीलेअरचा (कुटुंब सधन वर्गात मोडत नसल्याचा) दाखलाही केंद्राच्याच नमुन्यात हवा. चूक आमचीच होती. मार्चमध्ये अर्धा दिवस काढला असता तर तो दाखला मिळाला असता. मुलीने खुल्या प्रवर्गातून नोंदणी केली आणि बाहेरच्या राज्यात मिळू शकणारी जागा राहून गेली. पुढच्या वर्षी तिने पुन्हा परीक्षा दिली. ते वर्ष त्या घराने कसं काढलं ते आम्ही जवळून पाहिलं आहे.

म्हणून बारावीची परीक्षा संपली की नीटची वाट न पाहता दाखल्यांच्या मागे लागा. मामलेदार कार्यालयातून रहिवासी दाखला घ्या आणि किती वर्षांचं वास्तव्य हवं ते प्रॉस्पेक्टसच्या अटीशी ताडून पाहा. वडिलांची बदली झाल्यामुळे मुलाने मधली काही वर्षं बाहेर काढली असतील, तर त्या वर्षांचे शाळेचे कागद आधी गोळा करा. ओबीसी दाखला दोन्ही नमुन्यांत काढा. ईडब्ल्यूएसचा दाखला आर्थिक वर्षाला बांधलेला असतो, गेल्या वर्षीचा चालत नाही, 1 एप्रिलनंतर नवा काढा. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच हवं. गोव्यात आडनाव कधी गावाच्या नावासकट, कधी त्याशिवाय लिहिलं जातं, जन्मदाखल्यावर एक आणि दहावीच्या मार्कशीटवर भलतंच. तो फरक आताच मिटवा. प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला वयाची 17 वर्षं पूर्ण हवीत, हेही जन्मदाखल्यावर बघून घ्या.

हद्दीपलीकडची कॉलेजं

पेडण्याच्या एका पालकांनी विचारलं होतं, "ओरोसचं कॉलेज आमच्या घरापासून बांबोळीएवढंच जवळ, तिथे का नाही?" मुलाला खरंच ते सोयीचं पडलं असतं. पण ओरोसचं, म्हणजे सिंधुदुर्गचं, सरकारी महाविद्यालय महाराष्ट्राच्या मुलांसाठी, तसंच कारवार आणि बेळगावची सरकारी कर्नाटकाच्या मुलांसाठी. गोव्याच्या मुलाला तिथे वाट फक्त 15 टक्क्यांच्या देशव्यापी कोट्यातून. अंतर इथे उपयोगाचं नाही.

खासगी आणि अभिमत विद्यापीठांचं (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्थांचं) वेगळं. कोल्हापूर, कऱ्हाड, बेळगाव, मणिपाल इथल्या अभिमत विद्यापीठांच्या जागा एमसीसीमार्फत भरतात आणि देशातल्या कुणालाही खुल्या असतात. रँक खाली असला तरी तिथे नाव लागू शकतं, पण अनेक ठिकाणी फी वर्षाला वीस लाखांच्या आसपास जाते. शिक्षण साडेचार वर्षांचं, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. भाट (माडांची बाग) किंवा घर गहाण टाकायचा विचार मनात आला असेल तर नोंदणी करण्याआधी एकदा बसून बोलू. अभिमतसाठी नोंदणी करतानाच 2 लाख रुपयांची अनामत भरावी लागते. देशाच्या कोट्यात खुल्या प्रवर्गाला ती 10 हजार. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तर अनामत जात नाही. दुसऱ्या फेरीपासून नियम कडक होतात आणि तिसऱ्या फेरीत घेतलेली जागा सोडून दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून पसंतीक्रम भरताना ज्या कॉलेजात खरोखर जायचं नाही ते यादीत टाकू नका. "असू दे, राहू दे" म्हणून टाकलेलं नाव तिसऱ्या फेरीत गळ्यात पडलेलं आम्ही पाहिलं आहे.

फोनवर "मॅनेजमेंट सीट पक्की, आधी टोकन द्या" म्हणणारे जुलैपासून सुरू होतात. अशा कुणाला एक रुपयाही देऊ नका. एमबीबीएसची जागा नीटच्या रँकवर आणि सरकारी फेरीतूनच भरते, अभिमतच्या एनआरआय जागासुद्धा.

अजून परीक्षा व्हायची असेल तर

बारावीत असलेल्या किंवा पुन्हा बसणाऱ्या मुलांसाठी. सराव परीक्षांतला सगळ्यात चांगला आकडा आजोबांना सांगा, पण हिशेबाला शेवटच्या पाच परीक्षांची सरासरी धरा. त्याहूनही महत्त्वाचं, चुकलेली उत्तरं मोजा. 165 प्रश्न सोडवून 45 चुकले तर 435 मार्क होतात. 130 सोडवून 10 चुकले तर 470. दोघांनाही 120 उत्तरं येत होती. आमच्याकडे आलेला सत्तरी तालुक्यातला एक मुलगा सराव परीक्षेनंतर चुकीच्या उत्तरापुढे वहीत एक अक्षर लिहायचा, 'न' म्हणजे माहीत नव्हतं, 'घ' म्हणजे घाईत चुकलं, 'वा' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. दोन महिन्यांत त्याचे 'वा' निम्म्यावर आले. नवीन एक धडाही न शिकता त्याचे मार्क वाढले होते.

रँकवर नाही असं दिसलं तर

तसं असेल तर तसंच सांगतो. ते ऐकताना मुलं मान खाली घालून बसतात, त्यामुळे पुढचं बोलणं आम्ही कधी त्याच दिवशी करत नाही. गोवा दंत महाविद्यालय बांबोळीतच आहे. शिरोड्याला आयुर्वेद आणि होमिओपॅथीची महाविद्यालयं आहेत, धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था. सगळे प्रवेश नीटवरच. गोव्यात पशुवैद्यकीय महाविद्यालय नाही, पण बाहेरच्या राज्यांतल्या 15 टक्के जागा नीटवर मिळतात. गुरंढोरं असलेल्या घरातल्या मुलांनी ही वाट जरूर तपासावी, फार थोडी मुलं तिकडे बघतात. परदेशी जायचं असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे 2021 चे नियम वाचा: किमान 54 महिन्यांचं शिक्षण इंग्रजीतून, तिथेच एक वर्ष इंटर्नशिप, परत आल्यावर 300 मार्कांच्या परीक्षेत किमान 150 आणि मग इथेही इंटर्नशिप. एजंटाच्या माहितीपुस्तिकेत या अटी बारीक अक्षरांत असतात किंवा नसतातच.

आमच्याकडे येताना निकालपत्र, सगळे दाखले आणि मुलाला घेऊन या. पालक एकटे आले तर आम्ही थांबायला सांगतो, कारण पसंतीक्रमावर शेवटी त्याचं शिक्षण ठरणार असतं. पहिल्या भेटीचे पैसे नाहीत. चवथीच्या पाच दिवसांत कार्यालय बंद असतं, पण त्याच दिवसांत फेरीची मुदत आली तर फोन चालू असेल.