चिठ्ठ्या वाढल्या, रुग्ण तेवढे वाढले नाहीत

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२२-२३ या वर्षात सुमारे ८६ लाख लोकांना नैराश्यावरील औषधे पुरवली आणि चिठ्ठ्यांवर लिहिलेल्या अशा औषधांची मोजदाद ८.६ कोटींच्या घरात गेली. असे आकडे छापून आले की समाज खिन्न होत चालल्याचा निष्कर्ष लगेच काढला जातो. समाजाचे काय चालले आहे ते असो. या मोजदादीतून तो निष्कर्ष निघत नाही. ॲमिट्रिप्टिलिनसारखे नैराश्यावरील जुने औषध आज मज्जातंतूंच्या वेदनेसाठी किंवा अर्धशिशीसाठीही अल्प मात्रेत दिले जाते, आणि तेही याच खात्यावर चढते.

चिठ्ठ्या वाढण्याचे खरे कारण वेगळे आहे. ब्रिटनमधील १७० दवाखान्यांच्या १९९३ ते २००५ या काळातील नोंदी तपासणाऱ्या संशोधकांना नव्या रुग्णांच्या प्रमाणात फारशी वाढ आढळली नाही. मात्र एका रुग्णामागे लिहिलेल्या चिठ्ठ्यांची सरासरी १९९३ मधील २.८ वरून २००४ मध्ये ५.६ झाली होती, म्हणजे रुग्ण औषध अधिक काळ घेत राहिले होते. टाकीत पडणारी धार तेवढीच राहिली, पण खालची तोटी आवळली गेली, तर पातळी वाढणारच.

ही तोटी आवळली जाण्यात औषधाच्या गुणाचाही वाटा आहे. नऊ महिन्यांहून अधिक काळ गोळ्या घेणाऱ्या आणि त्या थांबवण्याइतके बरे वाटणाऱ्या ४७८ रुग्णांवरील ब्रिटिश चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरात, औषध चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के आणि हळूहळू बंद केलेल्यांपैकी ५६ टक्के रुग्णांना नैराश्याने पुन्हा गाठले. म्हणजे अनेकांना औषधाची गरज खरोखरच असते. पण बंद करणाऱ्यांपैकी ४४ टक्के त्याविनाही वर्षभर ठीक राहिले, हेही तितकेच खरे.

शिवाय गोळी सोडताना चक्कर, निद्रानाश, अस्वस्थता, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होऊ शकतात आणि ते आजार परतल्याची खूण समजून गोळी पुन्हा सुरू केली जाते. यामागे मात्रेचे एक विचित्र गणित आहे. मेंदूतील सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन शोषून घेणारी वाहक प्रथिने अगदी थोड्या औषधानेही मोठ्या प्रमाणात अडवली जातात. त्यामुळे पूर्ण गोळीवरून अर्ध्यावर येणे त्यामानाने सोपे जाते आणि शेवटचा लहानसा तुकडा सोडणे अवघड. म्हणूनच काही रुग्णांना अखेरच्या टप्प्यात, गोळीचे आणखी तुकडे करता येत नाहीत तेव्हा, द्रवरूप औषध थेंबाथेंबाने कमी करत न्यावे लागते.