माणूस रेखाटताना डोळा, मेंदू आणि हात

कोणाही प्रौढ व्यक्तीला कोऱ्या कागदावर माणसाचा चेहरा काढायला सांगितले, तर बहुतेक वेळा डोळे प्रमाणापेक्षा बरेच वर जातात आणि कपाळ दोन बोटांचे उरते. प्रत्यक्षात टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळ्यांची रेषा असते, आणि पट्टी घेऊन आरशासमोर उभे राहिले तर हे कोणालाही पडताळून पाहता येते. आपण जन्मभर चेहरे पाहतो, तरी त्यांचे इतके साधे प्रमाण आपल्या ध्यानात नसते. मेंदूला चेहऱ्यातून ओळख आणि भाव टिपायचे असतात. ते डोळे, नाक आणि तोंड यांत एकवटलेले असतात. केसांखालच्या कवटीतून फारसे काही कळत नाही, म्हणून आपल्या मनातल्या चेहऱ्यात तिला जागाही थोडीच मिळते.

चित्रकला येत नाही असे म्हणणारा माणूस सहसा आपल्या हाताला दोष देतो. तोच हात वळणदार सही करतो, सुईत दोरा ओवतो, मोदकाला नेमक्या कळ्या पाडतो. पेन्सिल हाती येताच त्याचे कसब संपते, हे पटण्यासारखे नाही. डेल कोहेन आणि सुझन बेनेट या मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली नेमका हाच प्रश्न प्रयोगांतून तपासला. हातावरचा ताबा, कोणते तपशील घ्यायचे याचा निर्णय, स्वतःचे चित्र पाहण्यातली चूक आणि समोरची वस्तू पाहण्यातली चूक, अशी चार संभाव्य कारणे त्यांनी वेगळी केली. त्यात हाताचा वाटा अगदी किरकोळ निघाला आणि मुख्य दोष समोरची वस्तू पाहण्यातच असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

ही चूक कशी होते, हे एसटी स्थानकावरच्या बाकावर चांगले दिसते. समोर पाय पसरून डुलकी घेत असलेला प्रवासी आहे असे समजू. त्याचे तळवे आपल्यापासून एक मीटरवर आणि चेहरा दोन मीटरवर असेल, तर डोळ्याच्या पडद्यावर तळव्याची प्रतिमा चेहऱ्याच्या दुपटीहूनही मोठी पडते, कारण अंतर निम्मे झाले की वस्तूने डोळ्याशी केलेला कोन सुमारे दुप्पट होतो. आपल्याला मात्र तसे जाणवत नाही. माणूस दूर गेला म्हणून लहान झाला नाही आणि जवळ आला म्हणून राक्षस झाला नाही, हे मेंदू आपोआप जुळवून घेतो. या गुणधर्माला आकार-स्थैर्य म्हणतात. रस्ता ओलांडताना ते जीव वाचवते, पण रेखाटन करताना तेच आड येते. नवशिका तळवा जितका दिसतो तितका न काढता जितका असल्याचे त्याला ठाऊक आहे तितका काढतो, आणि पसरलेले पाय कागदावर आखूड, लुळे दिसू लागतात.

यावरचा जुना उपाय म्हणजे हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिलीने माप घेणे. चित्रकार हा आविर्भाव कशासाठी करतात असे पाहणाऱ्याला वाटते, पण त्यातील प्रत्येक बारकाव्याला कारण आहे. कोपर ताठ ठेवल्याने डोळा आणि पेन्सिल यांतील अंतर दर वेळी तेवढेच राहते, त्यामुळे पेन्सिलीवर अंगठ्याने राखलेली लांबी म्हणजे व्यवहारात कोनाचेच माप ठरते. दोन्ही डोळे उघडे असले तर नजर पेन्सिलीवर स्थिरावताच मागचा माणूस दुहेरी दिसतो, म्हणून एक डोळा मिटायचा. अशा रीतीने डोक्याची उंची हे एकक धरून उरलेले शरीर मोजले जाते. उभ्या प्रौढ माणसाची उंची सरासरी साडेसात डोक्यांच्या आसपास भरते, लहान मुलाची त्याहून बरीच कमी. मात्र समोरचा माणूस बसलेला, वाकलेला किंवा आडवा असला की हे पाठांतर निरुपयोगी ठरते आणि फक्त मोजमाप कामास येते.

दुसरी अडचण डोळ्याच्या रचनेतच आहे. अगदी स्पष्ट दिसणारा भाग म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. बाकीचे दृश्य अंधुकच असते. सेकंदाला साधारण तीन वेळा नजर उडी मारते आणि त्या तुकड्यांतून मेंदू अखंड दृश्याचा भास उभा करतो. शिवाय पाहिलेले लक्षात धरून कागदाकडे वळेपर्यंत त्यातले बरेचसे निसटते. कोहेन यांच्याच 2005 सालच्या अभ्यासात समोरच्या वस्तूकडे वारंवार, पण थोडा वेळ पाहणाऱ्यांची चित्रे अधिक अचूक आढळली. नवशिके एकदा पाहतात आणि बराच वेळ मान खाली घालून काढत राहतात; त्या वेळात ते समोरच्या माणसाऐवजी मनातला माणूस उतरवत असतात. ब्रिटिश व्यक्तिचित्रकार हम्फ्री ओशन यांच्या डोळ्यांच्या हालचाली जॉन चालेंको आणि क्रिस मायल यांनी मोजल्या, तेव्हा चित्र काढताना त्यांची नजर दर खेपेस चेहऱ्यावरच्या एकाच बिंदूवर नेहमीपेक्षा अधिक वेळ स्थिर राहत असल्याचे दिसले. नवशिक्यांची नजर एकाच खेपेत अनेक ठिकाणी भटकत होती. एका वेळी एकच गोष्ट उचलायची आणि ती लगेच कागदावर ठेवायची, ही सवय वर्षानुवर्षांच्या सरावातून अंगवळणी पडते.

कलाशाळांत अर्ध्या मिनिटाची, एका मिनिटाची झटपट रेखाटने करवून घेतात ती याच कारणासाठी. तेवढ्या वेळात बोटे, बटणे, पापण्या यांच्याकडे वळायला फुरसतच नसते. पाठीचा कणा कुठे झुकला आहे आणि भार कोणत्या पायावर आहे एवढेच टिपता येते. तेवढेही पुरते. गुन्नार योहान्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाने 1973 साली अंधारात चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांवर फक्त दहा-बारा प्रकाशबिंदू ठेवून चित्रीकरण केले, आणि ते बिंदू हलू लागताच प्रेक्षकांना चालणारा माणूस तत्काळ ओळखता आला. आपला मेंदू शरीराची हालचाल इतक्या थोड्या खुणांवरून वाचतो, म्हणून कंबर आणि खांद्यांच्या दोन तिरप्या रेषाही पुष्कळ सांगतात. एका पायावर भार देऊन उभ्या राहिलेल्या माणसाची त्या बाजूची कंबर वर उचलली जाते, खांदा सहसा उलट दिशेला कलतो आणि गळ्याखालचा खळगा भार पेलणाऱ्या पायाच्या जवळपास उभ्या रेषेत येतो. आपल्या मंदिरांतील त्रिभंग मूर्तींत हाच तोल दिसतो. रेखाटनात ही उभी रेषा चुकली, तर शरीरशास्त्राचे बाकी सारे ज्ञान बरोबर असूनही माणूस पडेल असे वाटते.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना बसलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. समोर कोणीही नसताना बाजार किंवा बागेतली माणसे काढायची, या कल्पनेनेच अनेकांना घाम फुटे. मला तो पेपर वस्तुचित्रापेक्षा कठीण असला तरी अधिक उपयोगी वाटतो, कारण आपण काय पाहिले नव्हते हे तो उघड करतो. म. वि. धुरंधर (1867–1944) यांच्या चित्रांतली गर्दी पाहिली की स्मरणाच्या या अभ्यासाला किती मोठा पल्ला आहे हे कळते. 1890 साली विद्यार्थी म्हणून मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत आलेले धुरंधर पुढे तिथेच शिक्षक झाले आणि त्यांचा त्या संस्थेशी संबंध चार दशकांहून अधिक टिकला.

रेखाटनाचा स्मृतीशी असलेला संबंध प्रयोगशाळेतही दिसला आहे. कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ज्या शब्दांचे चित्र काढले ते, नुसत्या लिहिलेल्या शब्दांपेक्षा अधिक आठवले. चित्र चांगले असण्याची गरज नव्हती. त्याच गटाने 2018 साली वयस्कर व्यक्तींतही हा लाभ दाखवला. यावरून चित्रकलेने विस्मरणाचा आजार टळतो असे सांगणारे बरेच भेटतात, पण या प्रयोगांतून तेवढा अर्थ निघत नाही. चित्रकला म्हणजे मेंदूच्या उजव्या भागाचे काम, ही लोकप्रिय समजूतही अशीच ताणलेली आहे. रिबेका चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी 2014 साली केलेल्या अभ्यासात पाहून रेखाटण्याच्या कौशल्याचा संबंध उजव्या ललाटखंडाच्या एका भागाबरोबरच डाव्या बाजूच्या अनुमस्तिष्काशीही आढळला, आणि अनुमस्तिष्क प्रामुख्याने हालचालींचे नियंत्रण करते.

वय वाढले की अडचणी येतात त्या बऱ्याचशा भिंगाच्या असतात. चाळिशीनंतर डोळ्याचे भिंग ताठर होते, आणि दूरच्या माणसावरून जवळच्या कागदावर नजर सहज वळेनाशी होते. मांडीवर फळी घेऊन काढणाऱ्याला बायफोकल चष्मा सोयीचा पडतो: वरून माणूस, खालून कागद. पण मांडीवरचा कागद तिरका दिसतो, त्याची वरची बाजू दूर असल्याने आक्रसते आणि नकळत आकृती उभट होते. म्हणून कागद नजरेसमोर उभा ठेवणे चांगले. तो तसा हातभर अंतरावर ठेवला, तर ते अंतर बायफोकलच्या वाचनाच्या भागासाठी जास्त आणि दूरच्या भागासाठी कमी पडते, आणि मान मागे टाकून खालच्या काचेतून पाहण्याची पाळी येते. त्यापेक्षा कागदाचे अंतर टेपने मोजून चष्मेवाल्याला सांगावे आणि संगणकासाठी करतात तसा मधल्या अंतराचा नंबर करून घ्यावा. त्यातून दूरचा माणूस किंचित अंधुक दिसला तरी बिघडत नाही, कारण छाया-प्रकाशाचे मोठे भाग ओळखण्यासाठी चित्रकार तसेही डोळे किलकिले करून पाहतात. हात कापत असेल, तर मनगटाऐवजी खांद्यातून, मोठ्या कागदावर, कोळशाने रेघ ओढावी; हातभर लांबीच्या रेघेत मिलिमीटरभर कंप उठून दिसत नाही.