रातवा

रातवा हा कॅप्रिमल्गिडी कुळातला निशाचर पक्षी. अंटार्क्टिका सोडल्यास बहुतेक सर्व खंडांत मिळून या कुळाच्या ९० च्या आसपास जाती आहेत. महाराष्ट्रात भारतीय रातवा, माळरानावरचा सॅव्हाना रातवा आणि झाडीतला जंगली रातवा हे तिघे नेहमीचे. ते ‘दिसतात’ म्हणण्यापेक्षा ‘ऐकू येतात’ म्हणणे अधिक खरे. तिघांचाही रंग करडा-तपकिरी, अंगभर काळ्या रेघा आणि पिवळट ठिपके; नजरेने जात ओळखायची तर गळा, पंख आणि शेपटीवरच्या पांढऱ्या खुणा तपासत बसावे लागते. कानाला मात्र एवढे कष्ट पडत नाहीत.

भारतीय रातव्याचा आवाज म्हणजे टेबल टेनिसचा चेंडू फरशीवर सोडून द्यावा तसा: ठक्... ठक्.. ठक्, आणि मग उड्या लहान होत गेल्यासारखी घाईची ठकठक. जंगली रातवा ‘चक्-चक्-चक्’ असा एकाच लयीत बराच वेळ चालू राहतो. सॅव्हाना रातवा उडता उडता एकच धारदार ‘च्वीप्’ फेकतो. हा शेवटचा तैवानमध्ये शहरांतल्या इमारतींच्या सपाट गच्च्यांवर अंडी घालू लागला आहे आणि रात्री लोकांची झोपमोड करतो. आपल्याकडे त्याला ऐकण्यासाठी अजून तरी माळावर जावे लागते.

दिवसभर रातवा जमिनीवर पालापाचोळ्यात किंवा खडे-मातीत बसून राहतो. फांदीवर बसला तर बहुधा आडवा न बसता फांदीच्या लांबीला धरून बसतो, त्यामुळे झाडाचीच एखादी गाठ वाटतो. डोळे मोठे आणि काळेभोर. तेच त्याला उघडे पाडतील, म्हणून ते मिटून फक्त एक बारीक फट ठेवतो. त्या फटीतून तो आपल्याला पाहत असतो. आपण दोन पावलांवर येईपर्यंत हलत नाही आणि मग पायाखालचे वाळके पानच उडाल्यासारखा, जराही आवाज न करता उठतो. पिसे मऊ असल्याने पंखांची फडफड ऐकू येत नाही. थोड्या अंतरावर जाऊन बसतो, आणि आपण नजर न हटवता पाहिले असले तरी ती जागा पुन्हा सापडत नाही. झांबियातल्या एका अभ्यासात (२०१७) असे आढळले, की रातव्यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी स्वतःच्या अंगावरच्या नक्षीशी जुळेल अशीच जागा निवडतात. म्हणजे केवळ जातीची नव्हे, तर त्या एकट्या पक्ष्याची नक्षी.

चोच एवढीशी, पण तोंड उघडले की जबडा थेट डोळ्यांच्या खालपर्यंत फाकतो. कडेने राठ केसांसारखी पिसे असतात. पतंग, भुंगेरे, पावसाच्या सुरुवातीला उडणारी वाळवी हे त्याचे खाद्य. शिकार मुख्यतः नजरेवर चालते, त्यामुळे संध्याकाळ, पहाट आणि चांदण्या रात्री त्याच्या धावपळीच्या. जमिनीवर बसून तो वर पाहतो. उजळ आकाशावर किड्याची काळी आकृती उमटली की झेपावतो. मधल्या बोटाच्या नखाला फणीसारखे दाते असतात, ते पिसे विंचरण्याच्या कामी येतात असे मानले जाते.

घरटे नाही. उघड्या जमिनीवर बहुधा दोन अंडी, गुलाबीसर आणि डागाळलेली. पिल्लांजवळ कोणी आले तर मोठा पक्षी पंख मोडल्याचे सोंग करत फरफटत दूर जातो.

कॅप्रिमल्गस या लॅटिन नावाचा अर्थ ‘शेळीचे दूध काढणारा’. हा पक्षी रात्री शेळ्यांचे दूध पितो, असे ॲरिस्टॉटलच्याही काळी ग्रीसमध्ये मानत. गुरांभोवती किडे घोंगावतात आणि किड्यांमागे रातवा येतो, एवढीच बहुधा त्यामागची गोष्ट. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

नावाची अशीच गंमत मराठी मुलखाच्याही वाट्याला आली आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातले विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात एका रातव्याला ‘महरट्टेन्सिस’ म्हणजे ‘मराठ्यांच्या मुलखातला’ असे नाव दिले. प्रत्यक्षात तो सिंध-कच्छकडच्या कोरड्या, वाळवंटी प्रदेशात वीण करणारा. आपल्याकडे आला तर हिवाळी पाहुणा म्हणून.

माळरान सरकारी कागदावर अनेकदा ‘पडीक’ ठरते आणि तिथे चर खणून झाडे लावली जातात. माळावरच्या रातव्याला नेमकी ती उघडी जमीनच हवी असते. दुसरा धोका रस्त्यांचा. दिवसा तापलेल्या रस्त्यावर अंधार पडल्यावर रातवे येऊन बसतात. गाडीच्या उजेडात त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल चमकतात, कारण बुबुळामागचा थर उजेड परत फेकतो. आणि दिपलेला पक्षी जागचा हलत नाही. वेग कमी करून दिवे क्षणभर मंद केले तर तो उठतो, गाडीच्या पुढे थोडा तरंगत जातो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच रस्त्यावर बसतो.