रिकी मॉर्टन : जोडीच्या कुस्तीतला मार खाणारा नायक

अमेरिकी व्यावसायिक कुस्तीतील ‘रॉक अँड रोल एक्स्प्रेस’ या जोडीचा 2017 मध्ये ऑर्लँडो येथे डब्ल्यूडब्ल्यूईच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा व्यासपीठावरून तिची ओळख करून दिली ती जिम कॉर्नेट यांनी. ऐंशीच्या दशकात प्रतिस्पर्धी जोडीचे व्यवस्थापक म्हणून हातात टेनिसची रॅकेट घेऊन याच दोघांना छळणारे ते हेच कॉर्नेट. रिकी मॉर्टन आणि रॉबर्ट गिब्सन यांची कारकीर्द मात्र डब्ल्यूडब्ल्यूईत घडलीच नव्हती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ही कुस्ती केबलवरून घरोघरी आली ती त्याच कंपनीच्या रूपाने, तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या नावाने. त्यामुळे हल्क होगन आणि अंडरटेकर तोंडपाठ असलेल्या मराठी प्रेक्षकाला मॉर्टन हे नाव बहुधा अनोळखी वाटेल. त्यांचे मोठेपण शोधायचे तर अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत, त्याही आधीच्या काळात जावे लागते.

त्या काळी हा व्यवसाय इलाख्यांत वाटलेला होता. 1948 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स अर्थात एनडब्ल्यूएच्या छत्राखाली प्रत्येक प्रवर्तक आपापला प्रदेश सांभाळत असे आणि मल्ल आठवडाभर त्याच त्या गावांत फिरून लढत. निकाल आधी ठरलेला असला, तरी तेच प्रेक्षक पुढच्या आठवड्यात पुन्हा तिकीट काढून यावेत, यासाठी गोष्ट पुढे सरकत ठेवावी लागे. टेनेसीतील मेम्फिस हे अशा इलाख्यांपैकी एक महत्त्वाचे केंद्र. तेथे शनिवारी सकाळी दूरचित्रवाणीवर भांडण लावायचे आणि सोमवारी रात्री मिड-साउथ कोलिझियममध्ये त्याचा हिशेब चुकता करायचा, असा परिपाठ होता. 21 सप्टेंबर 1956 रोजी नॅशव्हिल येथे जन्मलेल्या मॉर्टन यांच्या घरातच हा धंदा होता. वडील पॉल मॉर्टन मल्ल होते आणि पंच म्हणूनही काम करीत. मुलाला पहिले धडे त्यांनीच दिले. 1978 च्या सुमारास रिंगणात उतरलेल्या मॉर्टन यांनी पुढची काही वर्षे वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर काढली. त्यांपैकी केन लुकस यांच्याबरोबरची सॅन अँटोनिओतील जोडी उल्लेखनीय ठरली.

गिब्सन यांच्याशी गाठ पडली ती 1983 मध्ये, आणि तीही दुय्यम माल म्हणून. मेम्फिसमध्ये स्टॅन लेन आणि स्टीव्ह किर्न यांची ‘फॅब्युलस वन्स’ ही देखणी जोडी तुफान चालत होती. तिच्यासारखीच आणखी एक जोडी हाताशी असावी, म्हणून तिथले मातब्बर मल्ल जेरी लॉलर यांनी मॉर्टन आणि गिब्सन यांना एकत्र आणले. दोघेही मध्यम चणीचे. सोनेरी केस, हातापायांना बांधलेले रंगीत रुमाल आणि प्रवेशाला वाजणारे रॉक संगीत हा त्यांचा थाट. मेम्फिसमध्ये त्यांना वरचे स्थान मिळणे अवघड होते. त्याच वर्षाच्या अखेरीस मिड-साउथ रेसलिंगचे बिल वॉट्स यांनी मेम्फिसच्या जेरी जॅरेट यांच्याशी मल्लांची अदलाबदल केली आणि मॉर्टन-गिब्सन लुईझियाना व ओक्लाहोमाच्या इलाख्यात दाखल झाले. धिप्पाड, रांगड्या गड्यांना पसंती देणाऱ्या वॉट्स यांच्यासाठी हा जुगारच होता. पण तरुण मुलींचा नवा प्रेक्षकवर्ग त्यामुळे सभागृहांत आला आणि तिकीटबारीने त्यांचा निर्णय योग्य ठरवला. समोर बॉबी ईटन आणि डेनिस कॉन्ड्री यांची ‘मिडनाइट एक्स्प्रेस’, तिच्या बाजूला कॉर्नेट. 1984 मध्ये पेटलेले हे वैर पुढे अनेक वर्षे, अनेक इलाख्यांत चालले.

या सामन्यांची रचना नीट पाहिली, म्हणजे मॉर्टन यांचे कौशल्य कशात होते ते कळते. जोडीच्या कुस्तीत एका वेळी प्रत्येक बाजूचा एकच मल्ल रिंगणात असतो आणि साथीदाराच्या हाताला हात लावल्याशिवाय त्याची सुटका नसते. नायकांपैकी एकाला प्रतिस्पर्ध्यांनी आपल्या कोपऱ्यात कोंडून आळीपाळीने बदडायचे आणि दुसऱ्याने दोरापलीकडून हात ताणून हतबलपणे पाहत राहायचे, हा या खेळाचा गाभा. मार खाण्याचे काम बहुतेक वेळा मॉर्टन यांच्याकडे असे. केस चेहऱ्यावर आलेले, गुडघ्यांवर घसटत ते कोपऱ्याकडे निघत; बोटे गिब्सन यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर आली की प्रतिस्पर्धी पाय धरून मागे ओढत. कधी हाताला हात लागेही, पण नेमके त्याच क्षणी कॉर्नेट यांनी पंचाला बोलण्यात गुंतवलेले असे. पंचाने पाहिले नाही म्हणून तो स्पर्श बाद, आणि आत धावलेल्या गिब्सन यांनाच पंच बाहेर ढकलत असे. प्रेक्षकांचा संताप शिगेला पोचल्यावरच खरा स्पर्श होई. पुढे दोघांनी मिळून मारलेली उडती लाथ आणि विजय हे सारे मिनिटा-दोन मिनिटांचे काम असे. मार लागल्याचे भासवणे पुष्कळांना जमते, पण प्रत्येक प्रहाराबरोबर सुटकेची आशा तेवती ठेवणे फार थोड्यांना साधले आहे. या भूमिकेला अमेरिकी कुस्तीच्या वर्तुळात आजही मॉर्टन यांच्याच नावाने ओळखतात.

1985 मध्ये ही जोडी कॅरोलायना प्रांतातील जिम क्रॉकेट प्रमोशन्सकडे गेली आणि 9 जुलै रोजी शेल्बी येथे रशियन म्हणवणारे इव्हान कोलोफ आणि क्रशर ख्रुश्चेव्ह यांना हरवून तिने एनडब्ल्यूएचे जागतिक जोडी-विजेतेपद पटकावले. ते गेले आणि नोव्हेंबरमध्ये स्टारकेड या क्रॉकेट यांच्या मोठ्या वार्षिक कार्यक्रमाच्या रात्री ग्रीन्सबरोतील पिंजऱ्यातल्या लढतीत परत आले. 1986 मध्ये फेब्रुवारीत मिडनाइट एक्स्प्रेसने ते हिरावले, ऑगस्टमध्ये पुन्हा या जोडीने मिळवले. चौथ्या विजेतेपदाची हकीकत मात्र धंद्याचा स्वभाव दाखवणारी आहे. 1987 मध्ये विजेत्या जोडीतील रिक रूड अचानक डब्ल्यूडब्ल्यूएफकडे निघून गेले, तेव्हा क्रॉकेट यांनी पूर्वी चित्रित केलेला एक साधा सामना किताबी लढत म्हणून दाखवला आणि विजेतेपदाचे पट्टे मॉर्टन-गिब्सन यांच्याकडे आल्याचे जाहीर करून टाकले.

एकेरीत मॉर्टन यांना मोठी संधी मिळाली ती 1986 च्या उन्हाळ्यात, जगज्जेते रिक फ्लेअर यांच्याविरुद्ध. कथानकात फ्लेअर आणि त्यांच्या साथीदारांनी मॉर्टन यांचा चेहरा सिमेंटच्या जमिनीवर घासला, आणि नाकाला संरक्षक मुखवटा बांधून ते 5 जुलै रोजी शार्लट येथे पिंजऱ्यातील सामन्याला उतरले. ते हरले, पण मार खाण्यातील त्यांचे प्रभुत्व येथेही उपयोगी पडले. पुढे 1991 मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यूत, म्हणजे क्रॉकेट यांच्या कंपनीच्या नव्या अवतारात, त्यांनी गुडघ्याच्या दुखापतीतून परतलेल्या गिब्सन यांच्यावरच उलटून खलनायकाची भूमिका पत्करली. सुटाबुटातले ‘रिचर्ड मॉर्टन’ प्रेक्षकांना फारसे रुचले नाहीत, आणि त्यात नवल नाही: ज्याचा मार पाहून लोकांचा जीव तुटतो, त्याच्या हातून मार बसताना पाहण्यात त्यांना कसला रस?

दोघांचे सूर पुन्हा जुळले ते कॉर्नेट यांनीच टेनेसीतील नॉक्सव्हिलमधून चालवलेल्या स्मोकी माउंटन रेसलिंगमध्ये. ही छोटी संस्था 1995 मध्ये बंद पडेपर्यंत त्यांनी तिचे जोडी-विजेतेपद 10 वेळा मिळवले. मधल्या काळात 1993 च्या सर्व्हायव्हर सिरीज या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कार्यक्रमात बोस्टनला ‘हेव्हनली बॉडीज’ या जोडीविरुद्ध त्यांनी हेच पट्टे डावावर लावले होते. इलाख्यांची व्यवस्था तोवर मोडीत निघाली होती, तरीही मॉर्टन लहान सभागृहांत लढत राहिले. 2019 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, गिब्सन यांच्यासह त्यांनी एनडब्ल्यूएचे जोडी-विजेतेपद आणखी एकदा जिंकले. जानेवारी 2020 मध्ये ते विजेतेपद एली ड्रेक आणि जेम्स स्टॉर्म यांच्याकडे गेले. आता त्यांचा बराच वेळ टेनेसीतील आपल्या प्रशिक्षणशाळेत जातो. मुलगा केरी मॉर्टन हा त्यांचा शिष्य असून 2022 मध्ये त्याने एनडब्ल्यूएचे ज्युनियर हेवीवेट विजेतेपद मिळवले, आणि अधूनमधून दोरापलीकडे उभा राहून तोच वडिलांकडे हात ताणतो.