मॅग्नेट्रॉनच्या आकडेमोडीतून आलेलं सिम्युलेशन

आज गिगावॅटवाली मायक्रोवेव्ह ट्यूब, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून मायक्रोवेव्ह काढणारी निर्वात नळी, बनवायची म्हटली की आधी ती कॉम्प्युटरवर चालवून बघतात, मग वर्कशॉपला ड्रॉइंग जातं. ही सवय कुठून आली ते शोधायला गेलं की माणूस थेट दुसऱ्या महायुद्धात पोचतो, कारण ट्यूब आणि तिचं सिम्युलेशन करायची पद्धत यांचं मूळ बऱ्यापैकी एकच आहे. मला हा सगळा इतिहास त्यामुळेच फार आवडतो.

२१ फेब्रुवारी १९४०, बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटी. जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी तांब्याच्या ठोकळ्यात सहा पोकळ्या पाडून बनवलेला मॅग्नेट्रॉन, म्हणजे मॅग्नेटिक फील्डमध्ये इलेक्ट्रॉन फिरवून मायक्रोवेव्ह काढणारी ट्यूब, सुरू केला आणि साधारण १० सेंटिमीटर वेव्हलेंग्थवर ४०० वॅटच्या आसपास पॉवर मिळाली. रडारवाल्यांना हेच हवं होतं, आणि त्याच वर्षी टिझर्ड मिशनने, म्हणजे गुपितं घेऊन गेलेल्या ब्रिटिश शिष्टमंडळाने, तो अमेरिकेला नेला. पण आत इलेक्ट्रॉन नक्की काय करतात ते कुणाला धड सांगता येत नव्हतं. मधे इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, भोवती त्यांना ओढणारा अ‍ॅनोड, अक्षाच्या दिशेने मॅग्नेटिक फील्ड, त्यात एक इलेक्ट्रॉन कसा वळेल हे अल्बर्ट हलने १९२१ मध्येच सांगितलं होतं, पण अब्जावधी इलेक्ट्रॉन स्वतःच फील्ड तयार करतात आणि परत त्याच फील्डमुळे वळतात, तिथे सरळ सूत्र मांडून उत्तर निघत नाही.

हा प्रश्न गेला मँचेस्टरला गणिती भौतिकशास्त्रज्ञ डग्लस हार्ट्रीच्या ग्रुपकडे. त्यात फिलिस निकोल्सन होती, आणि ऑस्कर ब्युनेमन होता, म्हणजे नाझींविरुद्ध काम केलं म्हणून जर्मनीत तुरुंगात गेलेला आणि युद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून ब्रिटिशांच्याही नजरकैदेत राहिलेला माणूस. यांनी काय केलं, तर थोडेच प्रातिनिधिक इलेक्ट्रॉन घेतले, त्यांना जरासं पुढे सरकवलं, चार्ज कुठे जमला ते बघितलं, त्यावरून फील्ड नव्याने काढलं, परत सरकवलं, आणि हे सगळं मेकॅनिकल कॅल्क्युलेटरवर, हाताने! यातून ब्युनेमन-हार्ट्री कंडिशन आली. दिलेल्या मॅग्नेटिक फील्डला व्होल्टेज हलच्या मर्यादेखाली ठेवायचं, नाहीतर इलेक्ट्रॉन सरळ अ‍ॅनोडवर आदळतात, आणि ब्युनेमन-हार्ट्रीच्या वर ठेवायचं, नाहीतर इलेक्ट्रॉनचा ढग पोकळ्यांमधल्या मायक्रोवेव्हबरोबर फिरूच शकत नाही. मॅग्नेट्रॉन डिझाइन करताना आजही कागदावर पहिल्यांदा याच दोन रेषा काढतात.

पुढे हाच ब्युनेमन प्लाझ्माच्या, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉन-आयनांच्या वायूच्या, कॉम्प्युटर सिम्युलेशनमध्ये शिरला, १९५९ चा त्याचा पेपर प्रसिद्ध आहे, तिकडे प्रिन्स्टनला जॉन डॉसन होता, आणि बर्कलीचा चार्ल्स बर्डसॉल तर मुळात मायक्रोवेव्ह ट्यूबवालाच. १९६६ मध्ये केन यीने इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक फील्ड ग्रिडवर अर्ध्या-अर्ध्या घराने सरकवून मॅक्सवेलची समीकरणं सोडवायची पद्धत दिली, १९७० मध्ये जे बोरिसने कण पुढे ढकलायची. हे जोडलं की आजचं पार्टिकल-इन-सेल (पिक), म्हणजे ग्रिडवरच्या फील्डमध्ये कण हलवत जाणारं सिम्युलेशन, झालं.

पॉवरची बाजू मात्र वेगळ्या वाटेने आली. ब्रिटनच्या अल्डरमास्टनला जे. सी. मार्टिनच्या टीमने १९६० च्या दशकात मार्क्स जनरेटर (समांतर चार्ज केलेले कपॅसिटर एका रांगेत जोडून व्होल्टेज वाढवणारा) आणि ब्लुमलाइन (छोटा, नेमका पल्स देणारी ट्रान्समिशन लाइन) वापरून मेगाव्होल्टचे पल्स काढले, ते हवे होते अण्वस्त्रांच्या कामातल्या फ्लॅश एक्स-रेसाठी. (ही लाइन ज्याच्या नावाने आहे तो अ‍ॅलन ब्लुमलाइन १९४२ मध्ये एचटूएस रडारच्या चाचणीत विमान कोसळून गेला, वय फक्त ३८.) असे जबरदस्त इलेक्ट्रॉन बीम हातात आल्यावर कॉर्नेलला जॉन नेशनने त्यातून मायक्रोवेव्ह काढल्या, मग रशियात १९७३ चा रिलेटिव्हिस्टिक (म्हणजे प्रकाशाच्या जवळपास वेगाच्या इलेक्ट्रॉनवर चालणारा) बीडब्ल्यूओ, बॅकवर्ड वेव्ह ऑसिलेटर नावाची ट्यूब, आणि १९७६ मध्ये एमआयटीत बेकेफी आणि ऑर्झेकोव्स्की यांचा रिलेटिव्हिस्टिक मॅग्नेट्रॉन.

इथे जुनी स्मॉल-सिग्नल थिअरी, म्हणजे वेव्ह छोटी आहे असं धरून केलेलं गणित, पुरेना, आणि पिक कोड ट्यूबच्या डिझाइनमध्ये घुसले. अमेरिकेत मॅजिक, नंतर एअरफोर्सचा आइसपिक, रशियात काराट. काम किती जड ते बघा, ग्रिडचं घर १ मिलिमीटरचं घेतलं तर थ्रीडीमध्ये टाइमस्टेप २ पिकोसेकंदांच्याही खाली ठेवावी लागते, नाहीतर आकडे अनावर वाढून उत्तर निरर्थक होतं, म्हणजे १०० नॅनोसेकंदांच्या एका पल्सला ५० हजारांवर स्टेप्स, आणि प्रत्येक स्टेपला लाखो कण हलवायचे.

आपल्याकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत कालीची मशिन्स आहेत, किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. व्हॉट्सअ‍ॅपवर तिला लेझर शस्त्र म्हणतात ते चूक, तो इलेक्ट्रॉन बीम काढणारा पल्स्ड अ‍ॅक्सिलरेटर आहे आणि काली-५००० वर व्हरकेटर (इलेक्ट्रॉनच्याच गर्दीने तयार होणाऱ्या आभासी कॅथोडवर चालणारी ट्यूब) लावून मायक्रोवेव्हचे प्रयोग झालेत.

कोड कुठे अडतात तर पल्स शॉर्टनिंगला. स्क्रीनवर मायक्रोवेव्ह छान चालू राहते आणि खऱ्या ट्यूबमध्ये बीम चालू असतानाच ती मधेच बंद पडते, १९९० च्या दशकात सगळ्या लॅब याने हैराण होत्या. एक्सप्लोझिव्ह एमिशनच्या, म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक टोक फुटून इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या, कॅथोडवर प्लाझ्मा तयार होतो आणि मायक्रोसेकंदाला एक-दोन सेंटिमीटर वेगाने पसरतो, भिंतींवर चिकटलेला गॅसही सुटतो. १०० नॅनोसेकंदांत एक-दोन मिलिमीटर गॅप भरली की ट्यूबची भूमितीच बदलली. साध्या रनमध्ये कॅथोड ठोकळ्यासारखा जागेवर धरलेला असतो, त्यामुळे हे त्यात दिसतच नाही, मुद्दाम प्लाझ्माचं मॉडेल घालावं लागतं आणि त्याचे आकडे शेवटी प्रयोगातूनच आणावे लागतात.