गोव्यात घरी विमान बांधायचंय? पहिला रिव्हेट मारण्याआधीची आणि नंतरची कागदपत्रं

घरी विमान बांधायला बंदी नाही. बंदी आहे ती नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचा कागद हातात नसताना ते हवेत न्यायला. १९३७ च्या विमान नियमांत हे दोन वेगळे नियम आहेत: नियम ५ नोंदणीचा, नियम १५ उड्डाणयोग्यतेचा. मूळचा १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला, पण या दोन अटी तशाच उभ्या आहेत. दोन्ही कागद देणारी यंत्रणा एकच, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए. गोव्यातल्या अर्जदाराचा संबंध मुख्यतः मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाशी येतो, आणि मोठे निर्णय दिल्लीत होतात.

गोव्यात मला भेटलेले बहुतेक हौशी बांधणारे एकाच ठिकाणी अडकलेले दिसले. गॅरेजमध्ये ढाचा उभा आहे, चाकंसुद्धा लागली आहेत, आणि डीजीसीएला पहिलं पत्र अजून गेलेलंच नाही. हा क्रम उलटा करायला हवा.

किती काळ लागू शकतो याचा अंदाज मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांच्या विमानावरून येईल. कांदिवलीच्या चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या फेब्रुवारीत ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये, व्हीटी-एनएमडी या अक्षरांनी. उडवायची परवानगी आली ती ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे विमान लोकांसमोर उभं राहिल्यानंतरही साडेतीन वर्षांहून अधिक काळ कागदांत गेला. ते स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, तरीही. आपण वर्षांचा हिशेब मांडूनच सुरुवात केलेली बरी.

अर्ज कोण करू शकतो

सज्ञान भारतीय नागरिक. ही अट ऐकायला सोपी वाटते, पण गोव्यात ती नीट तपासावी लागते. आपल्याकडे कितीतरी घरांत लिस्बनला जन्मनोंदणी झालेली असते, आणि कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेलेलं असतं. स्वेच्छेनं परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. भारतीय मालकीच्या विमानाची नोंदणी ‘अ’ गटात होते, आणि त्यासाठी मालकी पूर्णपणे भारतीय नागरिकाची किंवा भारतात नोंदलेल्या कंपनीची लागते. दोघा भावांनी मिळून विमान बांधलं आणि एक जण इंग्लंडमध्ये स्विंडनला पोर्तुगीज पासपोर्टवर असेल, तर संयुक्त मालकीचा अर्ज ‘अ’ गटात बसत नाही. मालकी कोणाच्या नावावर हे पैसे घालण्याआधी ठरवा आणि दोघांत लेखी करार करून ठेवा.

नवरा-बायकोंबद्दलही एक गोष्ट सांगतो. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर संसारातली मालमत्ता दोघांची सामायिक धरली जाते. विमान विकायची किंवा त्यावर कर्ज काढायची वेळ आली की हा प्रश्न उठणारच. त्यामुळे जोडीदाराचं संमतिपत्र नोटरीकडून करून फाइलमध्ये पहिल्याच दिवशी लावावं, असं माझं मत आहे. डीजीसीए ते मागेल म्हणून नव्हे, पुढचा गुंता टळावा म्हणून.

बांधायला वैमानिकाचा परवाना लागत नाही. उडवायला लागतो, आणि चाचणी उड्डाण दुसऱ्या परवानाधारक वैमानिकाकडून करून घेता येतं. खाजगी वैमानिक परवान्यासाठी वय किमान १७, शिक्षण दहावी, डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. आपल्याला जवळ पडणारं प्रशिक्षण बेळगावला आहे. वैद्यकीय तपासणी मात्र बांधणीच्या आधीच करून घ्या. पाच वर्षं खपून विमान उभं केलं आणि मग रंगांधळेपणा निघाला, तर त्या माणसाला काय वाटेल याचा विचारही नको.

पहिलं पत्र

आरेखन ठरलं की सामानाची ऑर्डर देण्याआधी डीजीसीएला उद्देशाचं पत्र पाठवा. त्यात विमानाचा प्रकार, आसनं, कमाल वजन, इंजिन, आराखडे कोणाकडून घेणार, बांधणीची जागा आणि देखरेख करणारा अभियंता इतकं स्पष्ट लिहा. दोन प्रश्न थेट विचारा: हे विमान कोणत्या गटात धरलं जाईल, आणि त्या गटात अर्जदार व्यक्ती असावी की कंपनी? दोन्हींचं उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तरावर लाखाचं इंजिन मागवू नका.

गट ठरणं महत्त्वाचं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दोनपेक्षा जास्त आसनं नसलेलं, ४५० किलोच्या आतलं विमान सहसा मायक्रोलाइटच्या चौकटीत पाहिलं जातं. त्यापेक्षा जड किंवा जास्त आसनांचं विमान प्रायोगिक म्हणून तपासलं जातं आणि त्याची छाननी खोलवर होते. पहिल्यांदा बांधणाऱ्यानं दोन आसनांवरच थांबावं, असं मी आग्रहानं सांगेन.

परदेशी किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, मागवणार असाल तर आयातीची परवानगी आधी घ्या, पेटी नंतर येऊ द्या. बंदरात पेटी अडली की विलंबशुल्क रोज चढत जातं. अमेरिकेत हौशी विमानासाठी नियम असा आहे की बांधणीचा मोठा भाग बांधणाऱ्यानं स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा करमणुकीसाठी केलेला असावा. याला बोलीत ‘५१ टक्के’ म्हणतात. किट विकणारे त्यासाठी मूल्यमापनाचे कागद देतात. ते मागून घ्या. डीजीसीएसमोर विमान खरोखर तुम्हीच बांधलंय हे दाखवायला ते उपयोगी पडतात.

ओळखीच्या कागदांत आधार, पॅन, पासपोर्ट, निवासाचा दाखला आणि फोटो. जागेसाठी एक-चौदाचा उतारा किंवा भाडेकरार, आणि जागा सामायिक असेल तर सहमालकांचं ना-हरकत पत्र. शेड नव्यानं उभारत असाल तर पंचायतीचा परवाना. गृह खात्याची सुरक्षा मंजुरी आणि पोलिस पडताळणी यांना वेळ लागतो, तेव्हा त्यांचे अर्ज लवकर करा.

बांधणीची वही हाच खरा अर्ज

माझ्या एका स्नेह्यानं फोंड्याजवळ दोन वर्षं खपून अॅल्युमिनियमचा पंख पुरा केला. काम इतकं देखणं की पत्र्यावर हात फिरवत राहावा. तपासायला आलेल्या अभियंत्यानं पंख बाजूला बसून पाहिला आणि विचारलं, “आतल्या स्पारचे रिव्हेट दाखवा.” स्पार म्हणजे पंखाच्या आतला मुख्य आधार, आणि पंख तर बंद झाला होता. आतले फोटो नव्हते. ज्या पत्र्यातून स्पार कापला त्याचा दाखलाही नव्हता. शेवटी एका बाजूचे सगळे रिव्हेट ड्रिलनं काढावे लागले. त्या दिवशी मी तिथं होतो, आणि ड्रिलचा तो आवाज अजून कानात आहे.

विमानाचा जो भाग बंद होतो तो पुन्हा कुणाला दिसत नाही, आणि माणसाचा जीव त्याच भागावर टांगलेला असतो. म्हणून बांधणीची वही रोज भरायची. तारीख, किती तास काम केलं, आराखड्याचं कोणतं पान, कोणता भाग, कोणत्या पत्र्यातून, कोणत्या मापाचे रिव्हेट, काय चुकलं आणि ते कसं दुरुस्त केलं. चुकाही लिहाच. चूक न लिहिलेली वही वाचणाऱ्याला खरी वाटत नाही. प्रत्येक भाग बंद करण्याआधी आतून फोटो काढा, त्यात मोजपट्टी आणि तारखेची चिठ्ठी दिसू द्या. बंद करण्यापूर्वीची तपासणी देखरेख करणाऱ्या अभियंत्याकडून सहीसह वहीत करून घ्या.

सामानाचे दाखले वेगळ्या फाइलमध्ये. ६०६१ किंवा २०२४ जातीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, तो बनवणाऱ्या कारखान्याचा चाचणी अहवाल, बोल्ट आणि केबलचे अनुरूपता दाखले, इंजिनाची नोंदवही. म्हापशाच्या बाजारात दिसायला तसाच पत्रा निम्म्या किमतीत मिळेल. तो घेऊ नका. त्याचा जन्मदाखला नसतो आणि तो नसला की पंखाला किंमत नाही.

आपल्या पावसाचं काय

परदेशी मार्गदर्शिकांत हे कुठंच नीट लिहिलेलं नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा ओली असते आणि किनाऱ्यालगत तिच्यात मीठ असतं. २०२४ जातीच्या मिश्रधातूत तांबं जास्त, त्यामुळे तो मजबूत असला तरी ६०६१ पेक्षा लवकर गंजतो. प्रत्येक तुकडा जोडण्याआधी, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या आतल्या पृष्ठभागांनासुद्धा, इपॉक्सी प्रायमर लावा. पोलाद आणि अॅल्युमिनियम जिथं भेटतात तिथं मध्ये रंगाचा थर हवाच, नाहीतर खारी हवा दोन धातूंत विजेचा घट तयार करते आणि अॅल्युमिनियम खाऊन टाकते.

लाकडी विमान बांधत असाल तर डिंकाचं काम पावसात थांबवा. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचा थर धरत नाही. कालवलेल्या डिंकाच्या प्रत्येक घाण्यासोबत दोन लाकडी तुकडे जोडून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते मोडा. लाकूड फाटलं आणि जोड शाबूत राहिला तर घाणा चांगला. जोडच सुटला तर त्या दिवशी जोडलेलं सगळं काढायचं. मोडलेले तुकडे तारीख घालून पिशवीत ठेवा. तपासणीत ते दाखवता येतात आणि शंभर पानांच्या वहीपेक्षा ते जास्त बोलतात. आपल्याकडं फायबरच्या होड्या बांधणारे कुशल कारागीर आहेत. त्यांच्याकडून हात शिकून घ्या, राळ मात्र विमानासाठी सांगितलेलीच वापरा. खोलीत आर्द्रतामापक टांगा आणि त्याचा आकडा रोज वहीत लिहा.

नोंदणी, वजन आणि उड्डाणाची परवानगी

अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवरून होतात, शुल्क भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरायचं. नोंदणीचा अर्ज सीए-२८. त्याच्यासोबत मालकीचे पुरावे, म्हणजे आराखडे किंवा किट, इंजिन, प्रोपेलर यांची बिलं आणि आयात झाली असेल तर सीमाशुल्काचे कागद. नोंदणी शुल्क विमानाच्या वजनावर ठरतं. व्हीटीनंतरची तीन अक्षरं आवडीची हवी असतील तर मागता येतात.

मग वजन. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून, विमान समतल करून तोलायचं आणि त्यावरून गुरुत्वमध्य, म्हणजे विमानाचं वजन जिथं तोललं जातं तो बिंदू, काढायचा. काट्यांचा प्रमाणीकरणाचा ताजा दाखला जोडा. गुरुत्वमध्य मागं सरकलेलं विमान नाक वर गेलं की सावरत नाही, म्हणून हा कागद अधिकारी बारकाईनं पाहतात आणि ते योग्यच आहे. त्यानंतर इंधनप्रवाहाची चाचणी, इंजिन चालवल्याच्या नोंदी, धावपट्टीवरच्या संथ आणि वेगवान धावांच्या नोंदी आणि चाचणी उड्डाणांचा लेखी आराखडा. रेडिओ बसवलात तर त्याचा वेगळा परवाना दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाकडून. तृतीय पक्षाचा विमा हवाच.

हातात येतं ते कारखान्यातल्या विमानासारखं पूर्ण प्रमाणपत्र नसतं. ती अटींसह परवानगी असते. दिवसा, चांगल्या दृश्यमानतेत, ठरलेल्या क्षेत्रात उडायचं. पैसे घेऊन कुणाला बसवायचं नाही. कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायचा विचार डोक्यात असेल तर हा मार्ग त्यासाठी नाही.

उडवायचं कुठं

दाबोळीचा विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर आहे. पेडण्यात मोप्याचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवासी वाहतुकीसाठी चालू आहे. सगळा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, त्यात ही दोन वर्दळीची विमानतळं. नव्या हौशी विमानाच्या पहिल्या उड्डाणासाठी इथली हवा मोकळी नाही. सत्तरीतल्या एखाद्या पठारावरून गुपचूप उडवून पाहण्याचा मोह कुणालाही होऊ नये. खाली माणसं राहतात आणि वर नौदल आहे.

म्हणून चाचणी गोव्याबाहेर, एखाद्या कमी वर्दळीच्या धावपट्टीवर होईल असं धरून चला. तिथल्या चालकाचं लेखी संमतिपत्र चाचणीच्या आराखड्यासोबत जोडावं लागतं, म्हणून ते वर्षभर आधी मागा. याचा परिणाम थेट आराखड्याच्या निवडीवर होतो. पंख सुटे होणारं किंवा दुमडणारं विमान निवडा. पंख वेगळ्या चौकटीत बांधून ट्रकनं न्यावे लागतील, आणि बेळगावला जायचं तर चोर्ल्याची वळणं मध्ये आहेत. पंखाची लांबी ट्रकच्या हौद्यापेक्षा किती बाहेर येते ते आधी मोजा, आणि तीच मोजपट्टी घेऊन आपल्या गॅरेजचं दार आणि पुढचं फाटकही मोजून ठेवा. फोंड्याच्या माझ्या स्नेह्याच्या फाटकातून पंख आडवा जात नाही, तिरका धरला तरच निघतो. हे त्यानं दुसऱ्यांदा रिव्हेट मारायला सुरुवात करण्याआधी तपासलं आणि वहीत लिहून ठेवलं.