इंडोनेशियातील इस्लाम

आग्नेय आशियातील इंडोनेशिया या द्वीपराष्ट्रातील इस्लामचा प्रसार, त्याचे स्थानिक रूप आणि राजकारणातील स्थान यांचा विचार या नोंदीत केला आहे. २०१० च्या जनगणनेनुसार देशातील सु. ८७% लोक मुस्लिम असून ते प्रामुख्याने सुन्नी व शाफी विधिपंथाचे (सुन्नींच्या चार प्रमुख विधिपरंपरांपैकी एक) आहेत. तथापि बाली हिंदूबहुल, तर फ्लोरेस व मिनाहासा हे प्रदेश ख्रिस्तीबहुल आहेत. इस्लाम हा येथील राज्याचा धर्म नाही.

इस्लाम या बेटांवर कोठून व केव्हा आला, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जावातील लेरान येथील फातिमा बिन्त मैमून हिच्या थडग्यावर हिजरी ४७५ (इ. स. १०८२) हे वर्ष आहे, परंतु तो शिलालेख परदेशी व्यक्तीचा असावा आणि दगडही कदाचित मागाहून तेथे आणला गेला असावा, अशी शंका घेतली जाते. त्यामुळे स्थानिकांच्या धर्मांतराचा पुरावा म्हणून त्याचा उपयोग होत नाही. उत्तर सुमात्रातील पेर्लाक हे नगर मुस्लिम असल्याचे मार्को पोलोने १२९२ च्या सुमारास नोंदविले आहे. जवळच्या समुद्र-पासाईचा सुलतान मलिक अस्-सालिह याच्या थडग्यावर हिजरी ६९६ (१२९७) हा काळ आढळतो.

डच अभ्यासक मोकेट याने १९१२ मध्ये पासाई व ग्रेसिक येथील पंधराव्या शतकातील काही थडग्यांचे दगड गुजरातमधील खंबायत बंदराच्या दगडांशी जुळतात असे दाखविले. त्यावरून इस्लाम गुजरातमधून आला हे मत रूढ झाले. मात्र हे दगड मलिक अस्-सालिहच्या काळानंतर शंभराहून अधिक वर्षांनी घडविलेले आहेत आणि घडविलेला दगड हा व्यापाराचा माल होता. तो मागवणाऱ्याने धर्मही तेथूनच घेतला असे त्यावरून ठरत नाही. शिवाय खंबायत दिल्लीच्या सुलतानांच्या ताब्यात गेले ते तेराव्या शतकाच्या अगदी अखेरीस, म्हणजे पासाईत मुस्लिम सुलतान आल्यानंतर. अभ्यासकांपैकी फातिमी यांनी बंगालचा, मॅरिसन यांनी दक्षिण भारताच्या किनाऱ्याचा, तर अल-अत्तास यांनी अरबस्तानाचा पक्ष मांडला. प्रवासी इब्न बतूता १३४५-४६ मध्ये समुद्र-पासाई येथे गेला, तेव्हा तेथील सुलतान शाफी पंथाचा होता. बंगालमध्ये हनफी पंथ प्रबळ होता. शाफी पंथ मलबारात व कोकणातील मुसलमानांत आजही आहे. म्हणून हिंदी महासागराच्या किनाऱ्यावरील अनेक बंदरांतून, वेगवेगळ्या काळी हा प्रसार झाला, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

जावातील पुरावा याहून बोलका आहे. मजापहित या हिंदू-बौद्ध राज्याच्या राजधानीच्या परिसरातील त्रोवुलान व त्रालाया येथे मुस्लिम थडगी असून त्यांतील सर्वांत जुन्यावर शके १२९० (१३६८-६९) आहे. काहींवर कुराणातील वचने अरबीत, तर वर्ष मात्र शक कालगणनेत व जुन्या जावानी अंकांत कोरलेले आहे. फ्रेंच अभ्यासक दामे याने केलेल्या वाचनावरून ही थडगी परदेशी व्यापाऱ्यांची नसून जावानी अभिजनांची असावीत, असे मानले जाते. म्हणजे हिंदू-बौद्ध राज्य वैभवात असतानाच दरबारातील काही घराणी मुस्लिम झाली होती. मजापहितचा नाश परंपरेने शके १४०० (१४७८) मध्ये धरला जातो. संशोधक तो जावातील डेमाक या मुस्लिम राज्याच्या सुलतानांच्या हातून १५२७ च्या सुमारास झाला असे मानतात. धर्मप्रसाराचे श्रेय लोकपरंपरेत ‘वली सोंगो’ या नऊ संतांना मिळते. त्यांच्या कथा उत्तरकालीन बखरींतून आलेल्या आहेत. त्यांपैकी सुनान कुदुस यांच्या कुदुस येथील मशिदीचा मिनार विटांच्या जावानी मंदिरासारखा आहे आणि त्या गावात गाय न कापण्याची चाल अद्याप टिकून आहे.

जावातील मातराम राज्याच्या सुलतान आगुंगने १६३३ मध्ये हिजरी चांद्रमास स्वीकारले, पण वर्षगणना शके १५५५ पासून तशीच पुढे चालू ठेवली. महाराष्ट्रातील पंचांगात चालणारा शालिवाहन शक अशा रीतीने एका मुस्लिम दरबारात, चांद्र वर्षाच्या रूपाने, पुढे चालला.

डच अमलात जावानी राजपुत्र दिपोनेगोरोचे युद्ध (१८२५-३०) व आचेचे दीर्घ युद्ध (१८७३ पासून) यांना धार्मिक अधिष्ठान होते. डच सरकारचा सल्लागार स्नूक हुरखरोन्ये याने उपासनेला मोकळीक व राजकीय इस्लामला प्रतिबंध हे धोरण सुचविले. तरीही सारेकत इस्लाम व सुधारणावादी मुहम्मदिया (दोन्ही १९१२) आणि परंपरानिष्ठ उलेमांची नहदतुल उलेमा (१९२६) या संघटना उभ्या राहिल्या.

स्वातंत्र्याच्या वेळी खरा वाद सात शब्दांवर झाला. २२ जून १९४५ च्या जाकार्ता सनदेत (संविधानाच्या प्रास्ताविकेच्या मसुद्यात) इस्लामच्या अनुयायांवर शरियत पाळण्याचे बंधन घालणारे सात इंडोनेशियन शब्द होते. पूर्वेकडील ख्रिस्ती प्रदेश या अटीवर प्रजासत्ताकात येणार नाहीत, असा निरोप १७ ऑगस्टच्या सायंकाळी एका जपानी नौदल अधिकाऱ्याने आणला, असे स्वातंत्र्यचळवळीतील नेते मोहम्मद हट्टा यांनी सांगितले आहे. हा अधिकारी नेमका कोण, यावर एकमत नाही. दुसऱ्या दिवशी हट्टांनी की बागुस हादिकुसुमो आदी मुस्लिम नेत्यांचे मन वळवून ते शब्द वगळले. त्यांच्या जागी ‘एकमेव परमेश्वरावर श्रद्धा’ हे पंचशीलाचे (इंडोनेशियाच्या पाच राष्ट्रीय तत्त्वांचे) पहिले तत्त्व आले. राष्ट्राध्यक्ष मुस्लिमच असावा ही अटही गेली. बहुसंख्य समाजाच्या नेत्यांनी केलेला हा त्याग थोर होता. अनेकांना मात्र तो फसवणूक वाटला. कार्तोसुविर्यो याने १९४९ मध्ये इस्लामी राज्य घोषित करून १९६२ पर्यंत बंड चालविले. १९५५ च्या निवडणुकीत मशुमी हा मुस्लिम पक्ष (२०.९%) व नहदतुल उलेमा (१८.४%) यांना मिळूनही बहुमत लाभले नाही. संविधान सभेत कोणत्याच पक्षाला दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १९५९ मध्ये १९४५ चे संविधान पुन्हा लागू केले.

१९६५-६६ च्या कम्युनिस्टविरोधी हत्याकांडात सैन्याबरोबर नहदतुल उलेमाच्या युवक शाखेचाही भाग होता. त्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांनी १९७३ मध्ये मुस्लिम पक्ष एकत्र करविले. १९९८ नंतर पक्षांना मोकळीक मिळाली आणि नहदतुल उलेमाचे अब्दुररहमान वाहिद राष्ट्राध्यक्ष झाले (१९९९-२००१). सात शब्द परत आणण्याचा प्रयत्न २००२ मध्ये फसला. त्याला मुहम्मदिया व नहदतुल उलेमा या दोन्ही संघटनांचा पाठिंबा नव्हता. शरियतवर आधारित फौजदारी कायदे फक्त आचे प्रांतात आहेत. जाकार्ताचे तत्कालीन ख्रिस्ती राज्यपाल बासुकी पुर्नामा यांना २०१७ मध्ये धर्मनिंदेबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी घटनात्मक न्यायालयाने पारंपरिक श्रद्धा मानणाऱ्यांना ओळखपत्रावर तशी नोंद करण्याचा हक्क दिला.